माझदा एमएक्स-५ : ट्रॅकसाठी सस्पेन्शनची जुळणी

माझदा एमएक्स-५ (पहिली पिढी, १९८९-१९९७) ही मागच्या चाकांवर चालणारी, उघड्या टपाची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद जेमतेम ११५ अश्वशक्ती. पण वजन एक टनाहून कमी आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर-खाली दोन भुजांवर धरणारे). म्हणून ट्रॅकवर वेळ कमी करायचा तर टर्बो हा शेवटचा खर्च.

वळणातला कमाल वेग टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतो. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणात ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) पकड असेल तर गाडी ताशी सुमारे ७६ किमी वेगाने निघते, १ जी असेल तर ८०. हे चार किलोमीटर पुढच्या सरळ रस्त्यावरही हाती राहतात.

चांगले टायर घेतले की पहिला ताण ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते: नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, ओलावलेल्याचा किमान १५५° से. ते उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जाते. पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर दोष तापलेल्या पॅडचा.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. खालच्या विशबोनचे बोल्ट विकेंद्री (फिरवले की भुजा सरकवणारे) असल्याने कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाकांची पुढची टोके आत म्हणजे टो-इन, किंवा बाहेर म्हणजे टो-आउट, वळलेली असणे) मूळ भागांवरच बदलता येतात. जुन्या गाड्यांत मात्र हे बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी गादीच्या) नळीत गंजून बसतात. जोर लावला तर पिळवटतात. ट्रॅकसाठी पुढे उणे २.५ ते ३ अंश कॅम्बर (उणे म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला), मागे त्याहून सुमारे अर्धा अंश कमी, कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) ५ अंशांच्या आसपास, पुढचा टो शून्य आणि मागे एकूण दीड ते तीन मिलिमीटर टो-इन ठेवतात. मागे टो-आउट राहिला, तर वळणात ॲक्सिलरेटर सोडताच शेपूट बाहेर येते.

क्रम चुकवू नये. आधी उंची, मग चालक (किंवा त्याच्या वजनाइतके ओझे) बसवून चारही चाकांवरचा भार, शेवटी अलाइनमेंट. उंची बदलली की बाकीचे बिघडतेच. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत. जॅकवर आवळले, तर रबर कायम पिळलेले राहून फाटते.

सर्वात जास्त पैसे वाया जातात ते गाडी फार खाली बसवण्यात. वर-खाली होण्याचा प्रवास संपून सस्पेन्शन बम्प स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) टेकले की गाडीचे ते टोक एकदम कडक होते आणि इशारा न देता पकड सोडते. मूळ शॉक ॲब्सॉर्बरवर कडक स्प्रिंग बसवल्यास रिबाउंड (दबलेल्या स्प्रिंगचे उलट उसळणे) आवरत नाही, गाडी उसळत राहते. अँटी-रोल बार (वळणात गाडीचे झुकणे कमी करणारी दांडी) जाड करायचा तर आधी पुढचा. त्याने अंडरस्टिअर (पुढची चाके घसरून गाडी कमी वळणे) वाढायला हवा खरा, पण झुकणे आटोक्यात आल्याने पुढच्या टायरचा कॅम्बर टिकतो. मागचा आधी जाड केला, तर आतले मागचे चाक हलके होते आणि साध्या डिफरेन्शियलवर (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअर-जुळणीवर) नुसते फिरते.

जुळणी तपासायची ती ट्रॅकवरून येताच, टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या भागाचे तापमान घेऊन. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे. बाहेरची कड जास्त तापली असेल तर कॅम्बर कमी पडतो आहे. गरम टायरमधला दाब थंड टायरपेक्षा साधारण ४ ते ६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) जास्त असतो, म्हणून नोंद गरम दाबाचीच ठेवतात.