आधी प्रसिद्धी, मग पडताळणी

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत एक प्रवासी विमान उतरवावे लागले. पक्ष्यांचा थवा आदळून विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली होती, तरीही आतील सर्व १५५ जण वाचले. पाण्यावर तरंगणारे विमान आणि त्याच्या पंखावर दाटीने उभे असलेले प्रवासी यांचे अगदी सुरुवातीचे छायाचित्र मदतीला निघालेल्या फेरीबोटीवरील एका प्रवाशाने मोबाइलवर टिपले आणि लगेच ट्विटरवर टाकले. हे उदाहरण सहसा नव्या माध्यमांच्या वेगाचे म्हणून दिले जाते. परंतु बातमीचा वेग एकोणिसाव्या शतकात तारयंत्र आले तेव्हापासूनच वाढत आला आहे. तारेने आलेली बातमीसुद्धा वार्ताहर, उपसंपादक आणि संपादक यांच्या हातांखालून गेल्यावरच वाचकापर्यंत पोहोचत असे. हडसनच्या छायाचित्राने ही सगळी रांग ओलांडली. ते खरे होते. पण ते खरे आहे की नाही हे लोकांनी पाहण्यापूर्वी कोणीही तपासलेले नव्हते.

छापील वृत्तपत्रात जागा मोजकी आणि कागद महाग, त्यामुळे काय छापायचे याची निवड आधीच करावी लागे. डिजिटल माध्यमात एक प्रत आणि एक लाख प्रती यांच्या खर्चात जवळपास फरक नसतो. तुटवडा असतो तो वाचकाच्या लक्षाचा. म्हणून निवड आता प्रसिद्धीनंतर होते, आणि बरीचशी अल्गोरिदमकडून होते. फेसबुकने न्यूज फीड २००६ मध्ये आणले, २००९ मध्ये लाइकचे बटण दिले, आणि त्याच वर्षी ट्विटरवर रीट्वीटचे बटण आले. त्याआधी दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवायचा तर तो हाताने उतरवून घ्यावा लागे. त्या काही सेकंदांत एखादा विचार मनात येण्याची शक्यता तरी होती, असे मला वाटते. एका स्पर्शात ती फारशी उरत नाही.

पडताळणीआधीच प्रसार झाला तर काय होते, याचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सोरूश वोसूघी, डेब रॉय आणि सिनान अरल यांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० मजकूर-साखळ्या, म्हणजे एका मूळ ट्वीटपासून रीट्वीट होत गेलेल्या मालिका, तपासल्या. त्यांतील खरे-खोटे सहा स्वतंत्र तथ्य-पडताळणी संस्थांच्या निष्कर्षांवरून ठरवले होते. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागला. दोष यंत्रचलित खात्यांचा असेल असे कोणालाही वाटेल. परंतु ती खाती खऱ्या आणि खोट्या बातम्यांचा प्रसार सारख्याच प्रमाणात वाढवत होती. फरक माणसांमुळे पडत होता. खोट्या बातम्या अधिक नवलाच्या होत्या आणि त्यांना मिळालेल्या उत्तरांत आश्चर्य व किळस या भावना अधिक दिसत होत्या. सत्याला घडलेल्या गोष्टीची मर्यादा असते. रचलेल्या बातमीला हवे तेवढे नवल भरता येते.

प्रसाराचे गणित साथीच्या रोगासारखेच आहे. संदेश मिळालेल्या दर दहा जणांपैकी एकच जण तो पुढे पाठवतो असे धरू. त्याने तो वीस जणांना पाठवला तर प्रत्येक वाचकामागे सरासरी दोन नवे वाचक तयार होतात, आणि दहा टप्प्यांत संख्या हजारपटीहून अधिक होते. त्याने पाचच जणांना पाठवला तर प्रत्येक वाचकामागे सरासरी अर्धाच नवा वाचक उरतो आणि साखळी आपोआप विझते. व्हॉट्सॲपने जानेवारी २०१९ मध्ये एका वेळी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जगभर पाचवर आणली, त्यामागे हाच हिशेब आहे. अर्थात ही मर्यादा पाच चॅटची होती, पाच माणसांची नव्हे. त्या काळी एका गटात २५६ सदस्य असू शकत, म्हणजे पाच गट मिळून १,२८० होतात. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असे बंधन आले, आणि अशा संदेशांचे फॉरवर्ड सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. मजकुरातील एक अक्षरही न वाचता केवळ साखळीचा आकार बदलून हे साधले.

वृत्तपत्रांची मथळे देण्याची रीतही या मोजमापाने बदलली आहे. एकाच बातमीला दोन-तीन मथळे देऊन, वेगवेगळ्या वाचकांना वेगवेगळा दाखवून, ज्यावर अधिक क्लिक येतील तो ठेवण्याची पद्धत आता रुळली आहे. ‘अपवर्दी’ या संकेतस्थळाच्या अशा चाचण्यांतील सुमारे १,०५,००० मथळ्यांचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. हा आकडा लहान दिसतो, पण दिवसाला शेकडो मथळे याच कसोटीवर निवडले जाऊ लागले तर बातम्यांचा एकूण सूर कुठे सरकेल हे सांगायला संपादक लागत नाही.

या सगळ्यात पत्रकारितेला एक नवे कसबही मिळाले. समाजमाध्यमांवर चढवताना छायाचित्रातील वेळ-स्थळाची नोंद बहुधा पुसली जाते, पण चित्रातला प्रकाश पुसता येत नाही. उभ्या खांबाची सावली खांबाइतकीच लांब असेल तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. ठिकाण आणि तारीख ठाऊक असेल तर सूर्य त्या उंचीवर दिवसातून फार तर दोनदाच येतो, आणि त्यांपैकी सकाळ कोणती व दुपार कोणती हे सावलीच्या दिशेवरून ठरते. रस्त्याचे वळण, दुकानाची पाटी, विजेच्या खांबांची मांडणी उपग्रह-चित्रांशी जुळवून ठिकाण शोधता येते. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर पाडल्या गेलेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच१७ या प्रवासी विमानातील २९८ जण मरण पावले; ज्या क्षेपणास्त्र-वाहनाने ते पाडले, त्याचा मार्ग बेलिंगकॅट या गटाने लोकांनी सहज टिपलेल्या चित्रफिती आणि छायाचित्रे अशाच रीतीने जुळवून उभा केला. ते वाहन रशियाच्या ५३व्या हवाई संरक्षण ब्रिगेडचे होते, या निष्कर्षाला अधिकृत आंतरराष्ट्रीय तपास पथक मे २०१८ मध्ये पोहोचले.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांत सावल्याही बनावट असतात, म्हणून आता छायाचित्र जन्मतःच सहीनिशी यावे असा प्रयत्न चालू आहे. २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी मिळून स्थापलेल्या सी२पीए या गटाने त्यासाठी एक मानक तयार केले. त्यानुसार कॅमेरा छायाचित्राचा गणिती ठसा काढून त्यावर सांकेतिक सही करतो. नंतर चित्रात कोणताही फेरफार झाला की ठसा जुळत नाही. स्क्रीनशॉट काढला की मात्र सही मागेच राहते. शिवाय सही चित्राचा उगम सांगते, त्याखालच्या ओळीचा खरेपणा नाही. कोणी गेल्या वर्षीच्या पुराचे असे सही असलेले छायाचित्र आजचे म्हणून पाठवले, तर त्याची सही बिनचूक जुळेल आणि तिच्यात जुनी तारीखही असेल; ती तारीख उघडून पाहण्याचे काम वाचकाकडे असेल.