नव्या गाड्यांची प्रतीक्षा (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेच्या छंदात नवे इंजिन, प्रवासी डबा किंवा मालवाघीण निघणार असल्याचे जाहीर होते, तेव्हापासून ती गाडी खोक्यातून बाहेर पडून घरच्या रुळांवर येईपर्यंतचा काळ, आणि त्या काळात उत्पादक, दुकानदार व हौशी मंडळी यांच्यात चालणारा सारा व्यवहार. हा काळ कधी तीन महिन्यांचा असतो, कधी तीन-चार वर्षांचा. जर्मनी, जपान, अमेरिका इथेही गाड्यांची वाट पाहिली जाते. पण ब्रिटनमध्ये या प्रतीक्षेला जे रूप आले आहे ते सर्वांत ठसठशीत आहे, आणि त्याचे मूळ एका जुन्या मोजमापात आहे. म्हणून ही नोंद मुख्यतः ब्रिटनविषयी आहे.

ब्रिटनमध्ये बहुतेकांची छोटी रेल्वे 'ओओ' गेजची असते. तीत खऱ्या गाडीच्या एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२ हे प्रमाण धरतात. रुळांमधले अंतर मात्र १६.५ मिलिमीटर असते. हिशेबाने पाहिले तर तिथल्या १,४३५ मिलिमीटरच्या खऱ्या रुळांसाठी या प्रमाणात १८.८ मिलिमीटर हवेत. युरोप-अमेरिकेतल्या 'एचओ' गेजचे रूळही १६.५ मिलिमीटरचेच, पण तिथे गाडी १:८७ प्रमाणाची असल्याने गणित जुळते. ब्रिटनची खरी इंजिने अंगाने लहान. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली विजेची मोटर त्यांच्या १:८७ प्रतिकृतीत नीट मावेना. तेव्हा रूळ तेच ठेवून गाडी तेवढी मोठी केली, आणि ही तडजोड कायमची होऊन बसली. त्यामुळे ब्रिटिश प्रतिकृती जर्मन वा अमेरिकन गाड्यांशेजारी विजोड दिसते आणि ब्रिटनबाहेर फारशी खपत नाही. बाजार लहान म्हणून उत्पादन लहान, आणि उत्पादन लहान म्हणून वाट पाहणे आले.

सुरुवातीला असे नव्हते. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये चावीवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि १९३८ मध्ये ओओ मापाची 'हॉर्नबी डब्लो' मालिका काढली. गाड्या कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात तयार होत आणि तेच मॉडेल वर्षानुवर्षे कॅटलॉगमध्ये राही. या नाताळात पैसे जमले नाहीत तर पुढच्या नाताळात घ्यावे. दुकानाच्या काचेमागे ते तसेच उभे असे. १९६० च्या दशकात हॉर्नबी हे नाव ट्राय-अँग गाड्या काढणाऱ्या समूहाकडे गेले आणि केंट परगण्यातले मार्गेट हे हॉर्नबीचे गाव बनले. १९९० च्या दशकात उत्पादन चीनला हलले. हॉर्नबीची प्रतिस्पर्धी असलेल्या, हाँगकाँगच्या काडेर समूहाच्या मालकीच्या बॅकमन कंपनीचा तर कारखानाच तिकडे.

चीनमध्ये गेल्याने गाड्या फार सुंदर झाल्या, हे आधी सांगायला हवे. तारेचे वेगळे बसवलेले कठडे, बॉयलरवरच्या सुट्या नळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत वाचता येणारी कारखान्याची पाटी, हे सारे हातांनी जुळवायचे काम इंग्लंडमध्ये परवडले नसते. पण कारखान्याचा वेळ आता आधी ठरवून घ्यावा लागतो. एका गाडीची एक खेप निघते, कंटेनरमधून येते, विकली जाते आणि संपते. पुढची खेप दोन वर्षांनी निघेल, पाच वर्षांनी निघेल, किंवा निघणारही नाही. निघाली तरी इंजिनाचा क्रमांक आणि रंग वेगळा असेल. २००८-०९ च्या सुमारास हॉर्नबीसाठी काम करणारा सांडा कान हा कारखाना काडेरने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मालकानेच, विकत घेतला. पुढची काही वर्षे हॉर्नबीच्या गाड्या उशिरा आणि तुटपुंज्या येत राहिल्या. 'आता नोंदवले नाही तर मिळणार नाही' ही धास्ती ग्राहकांच्या मनात पक्की बसली ती याच सुमारास.

घोषणा झाल्यावर गाडी ज्या टप्प्यांतून जाते ते हौशी माणसाला पाठ असतात. आधी खऱ्या गाडीची मोजमापे: जुने कारखानी आराखडे, छायाचित्रे, आणि गाडी एखाद्या संग्रहालयात शिल्लक असेल तर लेझर स्कॅन. मग संगणकावरचे चित्र. मग पोलादी साचे, ज्यांना 'टूलिंग' म्हणतात. सगळ्यात मोठा खर्च यांचाच, आणि एकदा साचा कापला की चूक सुधारणे महाग पडते. साच्यातून निघालेला पहिला नमुना बिनरंगाचा, बहुधा करड्या किंवा काळ्या प्लॅस्टिकचा असतो. त्याची छायाचित्रे मासिकांत आली की लोक भिंग घेऊन बसतात: चिमणीचा काठ जाड आहे का, घुमटाचा गोलवा बसला आहे का, चाकांचे आरे मोजून बरोबर आहेत का. ही चिकित्सा छिद्रान्वेषी वाटते, पण तिचा उपयोग होतो. चुका या टप्प्यावर दाखवल्या गेल्या आणि उत्पादकांनी साचा बदलून घेतला, असे अनेकदा घडले आहे. त्यानंतर रंगाचे नमुने, मग प्रत्यक्ष उत्पादन, मग जहाज. चिनी नववर्षाला कामगार गावी जातात आणि कारखाने काही आठवडे बंद राहतात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे जहाज अडकले आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा हातभर लांबीच्या गाड्यांची वाट पाहणारे लोकही जगाच्या नकाशावर बोट ठेवून बसले होते.

एवढी धीराची तयारी एका डब्यासाठी, एका इंजिनासाठी का, हे बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. 'फ्लाइंग स्कॉट्समन'चे उदाहरण घ्यावे. १९२३ मध्ये डॉनकास्टरला बांधलेले हे इंजिन आधी १४७२ क्रमांकाचे होते. १९२४ मध्ये ते ४४७२ झाले, आणि सफरचंदी हिरव्या रंगातले हेच रूप जगाला ठाऊक आहे. १९४६ मध्ये एकाच वर्षात त्याला ५०२ आणि मग १०३ असे दोन क्रमांक मिळाले, राष्ट्रीयीकरणानंतर ६०१०३. १९५९ मध्ये त्याला दुहेरी चिमणी बसली. १९६१ च्या अखेरीस धूर बाजूला सारणारे जर्मन धाटणीचे पत्रे पुढे लागले, आणि १९६३ च्या जानेवारीत इंजिन सेवेतून निवृत्त झाले. आता ज्याने आपल्या माळ्यावर १९६० सालच्या उन्हाळ्यातले स्टेशन उभे केले आहे, त्याला दुहेरी चिमणी असलेले पण ते पत्रे नसलेले ६०१०३ हवे. प्रत्यक्षात हे रूप तीनच वर्षे टिकले. बाकीची सगळी 'फ्लाइंग स्कॉट्समन' इंजिने दुकानात उभी असली तरी त्याच्या कामाची नाहीत. आणि हे झाले ब्रिटनमधल्या सर्वांत प्रसिद्ध इंजिनाचे. एखाद्या आडवळणाच्या शाखेवर चालणाऱ्या टाकीवाल्या छोट्या इंजिनाची, त्याच्या एका विशिष्ट रंगातल्या रूपाची वाट पाहणारा माणूस वीस-वीस वर्षे थांबलेला असतो. त्याच्यासाठी जानेवारीतली एक ओळ ही खरोखर आनंदाची बातमी असते.

जानेवारीतली, कारण हॉर्नबी आपली वर्षभराची यादी पूर्वापार जानेवारीत जाहीर करत आली आहे. युरोपातल्या मेर्क्लिन, रोको, पिको यांच्या नव्या गाड्या न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्याच्या सुमारास पुढे येतात. हा मेळा १९५० पासून भरतो. जपानमधल्या काटो आणि टोमिक्स या कंपन्या थोड्याच महिन्यांत दुकानात येणाऱ्या गाड्यांची पत्रके सतत काढत राहतात, त्यामुळे तिथली प्रतीक्षा आखूड आणि वारंवार असते. ब्रिटनमध्ये बॅकमनने २०२१ पासून हीच दिशा धरली: वर्षाची लांबलचक यादी बंद करून दर तिमाहीला, लवकरच येणार आहे तेवढेच जाहीर करायचे. हा बदल योग्यच होता असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ज्या गाडीचा साचाही कापलेला नाही तिची घोषणा करून ग्राहकाला चार वर्षे टांगून ठेवणे, आणि मध्येच किंमत वाढल्याचे कळवणे, यात विश्वास झिजतो.

तरी लवकर घोषणा करण्यामागेही कारण असते, ते म्हणजे दुसरा तीच गाडी काढील ही भीती. २०१९ च्या शरद ऋतूत मूळच्या लिव्हरपूलच्या हॅटन्स या दुकानाने चार आणि सहा चाकी जुन्या धाटणीच्या डब्यांची मालिका जाहीर केली, आणि पुढच्याच जानेवारीत हॉर्नबीच्या यादीतही तसेच डबे निघाले. 'टेरियर' या छोट्या इंजिनाच्या बाबतीत त्याच्या वर्षभर आधी असेच झाले होते. एक डॅपोल कंपनीने शेफील्डच्या एका दुकानासाठी केलेले, दुसरे हॉर्नबीचे. लहान बाजारात दोघांनी एकाच गाडीसाठी साचे कापणे म्हणजे दोघांचेही नुकसान, आणि ज्याची कोणीच दखल घेतली नाही ती तिसरी गाडी आणखी लांबणीवर.

इथे दुकानांची भूमिका केवळ विक्रीची राहिलेली नाही. गेल्या वीसेक वर्षांत मोठी दुकाने स्वतः गाड्या काढून घेऊ लागली: गाडी दुकानाने निवडायची, खेपेचा पैसा दुकानाने घालायचा आणि ती फक्त तिथेच मिळायची. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाशी निगडित विक्री विभागानेही संग्रहातल्या इंजिनांच्या प्रतिकृती अशाच करून घेतल्या आहेत. अ‍ॅक्युरास्केल आणि रॅपिडो यांसारख्या नव्या कंपन्या तर ग्राहकाकडून थेट नोंदणी घेतात. बहुतेक ठिकाणी नोंदणीला पैसे लागत नाहीत, गाडी आल्यावरच घेतले जातात. काहींनी मात्र हप्त्याहप्त्याने आधीच पैसे गोळा करून गाडी काढण्याचा मार्ग धरला, आणि अशी एक कंपनी २०१९ मध्ये बंद पडल्यावर लोकांचे पैसे गेले. तेव्हापासून आगाऊ रक्कम मागितली की जाणते लोक दोनदा विचार करतात. १९४६ पासून चाललेल्या हॅटन्सने जानेवारी २०२४ मध्ये दुकान बंद करत असल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांना आपल्या नोंदण्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. नोव्हेंबरमध्ये बर्मिंगहॅमला भरणारे वॉर्ली क्लबचे मोठे प्रदर्शन, जिथे काचेच्या पेटीतले नमुने पाहायला दरवर्षी गर्दी होई, तेही २०२३ नंतर थांबले.

वाट पाहणारे हात बांधून बसत नाहीत. येणाऱ्या गाडीला शोभेल असा मालधक्का बांधून होतो, वळणाची त्रिज्या तिला पुरेल का ते मोजले जाते, त्या इंजिनाच्या खऱ्या नोंदी धुंडाळल्या जातात: कोणत्या शेडचे, कोणत्या सालात, कोणते डबे ओढत होते. घोषणेचा फटका बसतो तो पितळी किंवा पांढऱ्या धातूच्या सुट्या भागांतून स्वतः इंजिन जोडणाऱ्यांना. दोन वर्षे रात्री जागून डाग देत अर्धे केलेले इंजिन तयार स्वरूपात निघणार असे कळले, की पुष्कळांचा हात थांबतो. जुन्या मॉडेलची दुसऱ्या हातची किंमतही त्याच आठवड्यात उतरते.

गाडी येते तेव्हा तिच्यासोबत एक छोटी पिशवी असते: ब्रेकच्या नळ्या, सुटे हुक, टोकाला लावायचे बफर-फळीचे भाग. अनुभवी माणूस आधी चिमट्याने तपासतो की वाहतुकीत काही निसटून खोक्यात पडले नाही ना. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास आहे का ते मापाने पाहतो. कमी-जास्त असेल तर गाडी पहिल्याच सांध्यावर उतरते. मग इंजिन एकटेच, मंद गतीने, अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे. डबे त्यानंतर.

भारतात हा छंद जपणारे थोडे आहेत, पण आहेत. पुण्यात भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या गाड्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले, आणि त्यातले दिवे लागणारे शहर पाहून या नादाला लागलेली कितीतरी मुले आहेत. त्यांच्यापुढे अडचण दुहेरी. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. एचओ प्रमाणात त्याला १९.३ मिलिमीटरचे रूळ लागतील, जे तयार मिळत नाहीत, आणि भारतीय इंजिने मोठ्या परदेशी कंपन्यांच्या यादीत क्वचितच असतात. म्हणून मिळतीजुळती परदेशी गाडी घेऊन तिला आपले रंग देणे हाच रुळलेला मार्ग. दुसरी अडचण कराची: खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि प्रमाणबद्ध प्रतिकृतीही जकातीच्या वर्गवारीत खेळण्यांच्याच सदरात येतात. त्यामुळे पुण्या-मुंबईतला हौशी माणूस गाडी नोंदवतो तेव्हा पत्ता बहुधा लंडनच्या आतेभावाचा किंवा बर्मिंगहॅमच्या मेव्हण्याचा देतो, आणि कंटेनर बंदरात उतरल्याची खबर लागली की मग त्यांना फोन करून विचारतो, की येताना बॅगेत फूटभर जागा राहील का.