यादीतून गळलेला सहावा स्टोन: इयन स्टुअर्टची पार्श्वभूमी

१९८९ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत घेतलं, तेव्हा बँडच्या आग्रहाखातर सभासदांत पियानोवादक इयन स्टुअर्ट ऊर्फ स्टूचंही नाव आलं. त्याला जाऊन तेव्हा तीन वर्षं उलटली होती. बँडच्या सभासदांतून हे नाव मुळात गळलं कसं, ते मे १९६३ मध्ये सापडतं.

त्याआधीचं थोडक्यात. स्टू स्कॉटलंडचा, जन्म १९३८. मे १९६२ मध्ये या बँडसाठी वादक हवेत म्हणून निघालेल्या जाहिरातीला पहिलं उत्तर त्याचं. दिवसा तो एका रसायन कंपनीत कारकून होता आणि बँडच्या कार्यक्रमांचे फोन त्याच्या ऑफिसातच यायचे. जुलैतल्या पहिल्या कार्यक्रमात पियानोवर तोच होता.

पुढच्या वर्षी जेमतेम एकोणीस वर्षांचा मॅनेजर आला आणि त्याने स्टूला बाहेर काढायला लावलं. कारणं दोन सांगितली जातात. एक, सहा चेहरे चाहत्यांच्या लक्षात राहत नाहीत. दुसरं, स्टूचा चेहराच: पुढे आलेला जबडा, आडवा बांधा. किडकिडीत, केस वाढवलेल्या पोरांच्या फोटोत तो शोभत नव्हता. मॅनेजरची बाजू घेणारे म्हणतात, धंद्याच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. पण पियानो नकोसा झाला होता म्हणावं, तर त्याच माणसाला रेकॉर्डिंगला बोलावत राहिले, दौऱ्यावरही नेलं. वाद्य हवं होतं, वादक दिसायला नको होता. बास आणि ड्रम्सवाले दोघंही स्टूनंतर आलेले. ते राहिले, तो गेला. आणि बाकीच्यांपैकी कोणी त्याच्यासाठी अडून बसलं नाही. सगळं खापर एकट्या मॅनेजरवर फोडणं म्हणूनच मला सोयीचं वाटतं.

स्टू रुसून निघून गेला नाही. व्हॅन चालवली, अँप (गिटारचा आवाज वाढवणारी यंत्रं) उचलले, आणि गाणं पटलं की पियानोवर बसला. पटलं की, हे महत्त्वाचं. तो बुगी-वुगी या पियानोच्या जोमदार ब्लूज शैलीत मुरलेला. डावा हात अखंड फिरता, उजवा त्यावर खेळणारा. मायनर कॉर्डचं, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरमेळाचं, त्याला वावडं होतं. स्टेजवर ती आली की पट्ट्यांवरून सरळ हात उचलायचा. म्हणूनच स्टोन्सच्या 'वाइल्ड हॉर्सेस' या गाण्याला तो बसलाच नाही, त्यावर दुसऱ्याच पियानोवादकाने वाजवलं. त्यांचंच 'ब्राउन शुगर' मात्र ऐका आणि गिटारच्या मागे तो पियानो शोधा. लक्ष दिलं नाही तर निसटतो, एकदा सापडला की गाणं त्याच्यावरच चालल्यासारखं वाटतं.

बँडचा फिरता स्टुडिओ ट्रक उभा करण्यातही त्याचा मोठा वाटा. १९७१ मध्ये त्याच ट्रकवर डीप पर्पल या बँडने 'मशीन हेड' हा अल्बम रेकॉर्ड केला. लेड झेपेलिन या बँडच्या 'रॉक अँड रोल' गाण्यातला पियानो स्टूचा, आणि त्यांच्या 'बुगी विथ स्टू' या गाण्याला तर नावच त्याचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याने स्टोन्सच्या ड्रमरला सोबत घेऊन 'रॉकेट ८८' ही बुगी-वुगी मंडळी जमवली.

१२ डिसेंबर १९८५ रोजी लंडनमध्ये डॉक्टरकडे थांबलेला असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. पुढच्या वर्षीच्या स्टोन्सच्या 'डर्टी वर्क' अल्बमच्या शेवटी त्याच्या पियानोचा छोटा तुकडा आहे. २०११ मध्ये त्याच्या स्मरणार्थ एका इंग्लिश पियानोवादकाने अल्बम काढला. त्यातल्या एका गाण्यासाठी स्टोन्सचे सभासद आले, केव्हाच बँड सोडून गेलेला बासवादकसुद्धा. अल्बमचं उत्पन्न हृदयरोगावर काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आलं.