सीता-अशोकाची झुकलेली पालवी

इंदूरच्या वसाहतींमध्ये कुंपणालगत भाल्यासारखी सरळ उभी असलेली, लांब नागमोडी पानांची जी झाडे आपण ‘अशोक’ म्हणून ओळखतो, ती अशोक नव्हेत. ती सीताफळाच्या कुळातली आहेत. खरा अशोक म्हणजे सीता-अशोक (शास्त्रीय नाव सराका असोका) हा शेंगा धरणाऱ्या कुळातला आणि चिंचेचा जवळचा नातलग आहे. पश्चिम घाटातल्या ओढ्याकाठच्या सावलीत वाढणारे हे सदाहरित झाड सहसा सहा ते नऊ मीटर उंच होते, त्यामुळे घराच्या बागेत ते सहज सामावते. तरीही आपल्याकडे ते लावणाऱ्यांपैकी अनेकांचे रोप पहिल्या दोन वर्षांतच दगावते, आणि माझ्या मते त्याचे मोठे कारण या झाडाच्या कोवळ्या पानांविषयीचा गैरसमज हे आहे.

रामबागेतल्या आमच्या अंगणात मी लावलेल्या पहिल्या रोपाला चैत्रात पालवी फुटली, तेव्हा तांबूस जांभळ्या पानांचा अख्खा झुबका फांदीच्या टोकाला ओल्या रुमालासारखा लोंबत होता. रोप तहानले आहे असे समजून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिलो. माळव्याच्या काळ्या चिकण मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. मुळांना हवा मिळेनाशी झाली, ती कुजली आणि पावसाळ्याआधीच रोप गेले.

ते पान मुळात सुकलेले नव्हतेच. सुकलेले पान हाताला मलूल आणि चुरगळलेले लागते. सीता-अशोकाचे लोंबते पान मात्र थंड, तुकतुकीत आणि रेशमासारखे मऊ असते. बहुतेक झाडांची पाने वाढता वाढताच हिरवी आणि ताठ होत जातात. येथे क्रम वेगळा आहे: पान आधी भराभर आकाराने मोठे होते, आणि त्याला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे कठीण द्रव्य शिरांमधल्या पेशींच्या भित्तिकांत नंतर साचते. तोवर पानाला स्वतःचे वजन पेलत नाही. हरितद्रव्यही उशिराच भरते, आणि दरम्यान अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे पान तांबूस दिसते.

झाड असा उशीर का करते, याचे एक पटणारे स्पष्टीकरण हिशेबाचे आहे. उष्ण प्रदेशातल्या जंगलांत पानाच्या आयुष्यातले बहुतेक नुकसान ते कोवळे असतानाच किडे-अळ्या करतात. हरितद्रव्य आणि त्यासोबतची प्रथिने तयार करायला भरपूर नायट्रोजन लागतो. तो आधीच ओतला आणि अळीने पान खाल्ले, तर सगळाच वाया जातो. म्हणून पान चिवट होईपर्यंत झाड ती गुंतवणूक थांबवून ठेवते. शिवाय लोंबत्या पानावर दुपारचे ऊन तिरके पडते आणि तांबूस रंगद्रव्य कोवळ्या पेशींवर सावली धरते. काही आठवड्यांत तेच पान हिरवे होऊन आपोआप आडवे उभारते. त्यासाठी पाण्याचा एक थेंबही जास्त लागत नाही.

तहान ओळखायची असेल तर जुन्या पानांकडे पाहावे. त्यांच्या कडा करपू लागल्या आणि आळ्यातली माती बोटभर खोलीपर्यंत कोरडी लागली, तरच पाणी द्यावे.

सुंदर तरुणीच्या लत्ताप्रहाराने अशोक फुलतो, हा ‘दोहद’ (झाडाला फुलवणाऱ्या उपायाची कविकल्पना) संस्कृत काव्यात शोभतो. पण अशोक दारी लावला की घरातला शोक टळतो, असे सांगून रोपे विकणे ही निव्वळ फसवणूक आहे. उलट सालीच्या औषधी मागणीपायी या झाडावरच संकट आले आहे. त्याची नोंद असुरक्षित प्रजातींत झाली असून बाजारात त्याच्या सालीत खोट्या अशोकाची साल सर्रास मिसळली जाते.

लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला करावी. बी लवकर निर्जीव होते, म्हणून ते ताजेच पेरावे. खड्ड्यातल्या काळ्या मातीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे, आणि मे महिन्यातली पश्चिमेची झळ अडेल अशी भिंतीची किंवा मोठ्या झाडाची पूर्वेकडची बाजू निवडावी. छाटणीच्या वेळी जाड, जुन्या फांद्यांना हात लावू नये, कारण वसंतात फुलांचे गुच्छ त्यांच्यावरच येतात. या फुलाला पाकळ्या नसतात. पाकळ्यांसारखी दिसतात ती चार निदले (कळीला बाहेरून झाकणारी दले), जी उमलताना पिवळसर शेंदरी असतात आणि पुढे लाल होत जातात, त्यामुळे एकाच गुच्छात पिवळी, शेंदरी आणि लाल अशा तिन्ही छटा शेजारी शेजारी दिसतात.