हरित हवामान निधी: शहराचा प्रस्ताव ना-हरकत पत्रापाशी का अडतो?

हरित हवामान निधी म्हणजे विकसनशील देशांना हवामान बदलाशी लढायला पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी. शहर कितीही मोठे असले तरी त्याच्याकडे थेट प्रस्ताव पाठवता येत नाही. पैसा येतो तो अधिस्वीकृत, म्हणजे निधीने मान्यता दिलेल्या, संस्थेमार्फत. ती विकास बँक असेल, राष्ट्रीय वित्तसंस्था असेल किंवा संयुक्त राष्ट्रांची एखादी यंत्रणा. तिची मान्यता आपल्या प्रकल्पाच्या रकमेला आणि जोखमीला पुरते का, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

घोडे अडते ते ना-हरकत पत्रावर. हे पत्र फक्त देशाचे राष्ट्रीय नियुक्त प्राधिकरण देते, म्हणजे बहुधा पर्यावरण किंवा अर्थ मंत्रालय. महापौरांचे पत्र, सभागृहाचा ठराव, प्रांतिक सरकारची शिफारस यांतले काहीच त्याची जागा घेत नाही. सरकारची हरकत नाही, प्रकल्प राष्ट्रीय प्राधान्यांशी सुसंगत आहे आणि देशाच्या कायद्यांत बसतो, या तिन्ही गोष्टी पत्रात असाव्या लागतात. पुराचे पाणी शहरात शिरते आणि सही मात्र राजधानीत अडकते, हे पाहून चीड येते. पण नियम असा आहे, तेव्हा सविस्तर अहवाल करायला घेण्याआधीच मंत्रालयाशी बोला. जमीन, पाणी किंवा वीज प्रांतिक खात्याकडे असेल तर त्यांची लेखी संमतीही तेव्हाच घ्या. नाहीतर मंत्रालय फाइल परत पाठवील.

इथे ३० दिवसांची मुदत हमखास चुकीची वाचली जाते. प्रस्तावासोबत पत्र नसेल तर निधीचे सचिवालय प्राधिकरणाला कळवते आणि तिथून ३० दिवसांत पत्र आले तरच प्रस्ताव मंजुरीसाठी निधीच्या मंडळापुढे जातो. ही मुदत मंत्रालयाच्या दारात पहिल्यांदा जाण्यासाठी नाही.

दुसरी अडचण हवामान-कारणमीमांसेची, म्हणजे प्रकल्पाची गरज हवामान बदलामुळेच आहे हे दाखवण्याची. 'गटारे जुनी झाली आहेत' हे कारण पुरत नाही. पाऊस कसा बदलतो आहे आणि त्याने नेमका कोणाला धोका आहे, हे आकडेवारीनिशी दाखवावे लागते. स्थानिक नोंदी नसतील तर हवामान खात्याकडे आजच अर्ज करा.

व्यवहार्यता अहवाल, लिंगभाव मूल्यमापन व कृती आराखडा, सहवित्ताची (इतरांकडून येणाऱ्या पैशाची) पत्रे ही कागदपत्रे संस्था करून घेते. पर्यावरण-सामाजिक अहवाल मात्र मंडळाच्या निर्णयाआधी जाहीर करावे लागतात: 'अ' गटातल्या (जास्त जोखमीच्या) प्रकल्पांना १२० दिवस, 'ब' गटाला (मध्यम जोखमीच्या) ३०. निधीकडून २.५ कोटी डॉलरपर्यंतच रक्कम हवी असेल आणि जोखीम अगदी कमी असेल तर सोपी मंजुरी प्रक्रिया आहे. ना-हरकत पत्र तिथेही लागतेच.