जंगलाचे ड्रोन फोटो पायजेत तं मे महिन्यात बोलवा

ग्रामसभेच्या मंडळींनो, रामराम. पावसाळा सरला की आम्हाला फोन येतात, भाऊ आमच्या जंगलाचे फोटो काढा, कोणतं राखायचं ते ठरवायचं आहे. आम्ही सांगतो की थोडं थांबा. ऑक्टोबरात वरून सगळंच हिरवंगार दिसते, जुनं जंगल कोणतं अन् नुसती रायमुनिया (घाणेरीची झुडपं) माजली ती कोणती हे फोटोत निवडता येत नाही. मे महिन्यात साग बोडका होते, अन् नाल्याच्या काठानं कहू, जांभूळ, करंज मात्र हिरवे राहतात, म्हंजे तिथं खाली ओल आहे, तो पट्टा आधी राखा.

आधी आम्ही सॅटेलाइटचे फोटो बघतो. सेंटिनेल-२ चे फोटो फुकट मिळतात, साधारण दर 5 दिवसांनी नवीन, 2015 पासूनचे जुनेही आहेत, त्यामुळे कोणता तुकडा दरसाल विरळ होत चालला ते घरबसल्या कळते. पण त्यात एक ठिपका म्हंजे 10 बाय 10 मीटर, एकएक झाड दिसत नाही. त्यासाठी ड्रोन. 400 फुटांच्या आत उडवतो, फोटो एकमेकांवर चढते घेतो, मग कॉम्प्युटरवर जोडून अख्खा नकाशा तयार होते, मोहाचं मोठं झाड त्यात सुटं मोजता येते. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्प असला तं वनविभागाची परवानगी आधी पायजे, त्याशिवाय आम्ही ड्रोन काढतच नाही.

एका गावात आम्ही फोटोतल्या एका मोठ्या गोल झाडावर खूण केली, तं एक आजी म्हणाली, बाबू ते झाड नाही, माहुलाचा वेल आहे, खाली तीन झाडं दबली आहेत. जाऊन पाहिलं तं खरंच तीन. तेव्हापासून पायी फिरल्याशिवाय आम्ही नकाशा देत नाही, कारण वरून दाट दिसणाऱ्या जंगलात खाली एक रोपटं नसू शकते, वणव्यानं अन् चराईनं सगळं गेलेलं असते, अन् ते कोणताच कॅमेरा दाखवत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, म्हंजे गावानं मिळून जंगल राखायचा अन् वापरायचा हक्क, जवळपास 1,800 हेक्टरवर. तुमच्याकडंही अशा वनहक्काचा कागद (पट्टा) असला तं त्याची झेरॉक्स द्या, हद्द नकाशावर टाकून देतो, फ्लेक्स करून ग्रामपंचायतीत लावता येईल. अन् फिरायच्या दिवशी मोह वेचायला जाणाऱ्या दोघीतिघी बाया सोबत पाठवा, त्यांची मजुरी आमच्याकडं.