नाव एकच ‘डेव्हडिपेंडन्सीज’, पण एक पॅकेजांची यादी आणि दुसरी फायलींची

प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस जिथे नोंदवतात त्या पॅकेज.जेसन फायलीतलं ‘डेव्हडिपेंडन्सीज’ तुम्हाला पाठ असेल. टेस्ट, बिल्ड, लिंटला लागणारी पॅकेजेस तिथे राहतात आणि ‘--ओमिट=डेव्ह’ देऊन इन्स्टॉल केलं की ती येत नाहीत. पुढे जाऊ.

घोळ होतो तो ईएसलिंटच्या (कोड तपासून चुका दाखवणारं साधन) इम्पोर्ट प्लगइनमधल्या ‘इम्पोर्ट/नो-एक्स्ट्रेनियस-डिपेंडन्सीज’ या नियमात. त्याच्या एका पर्यायाचं नावही ‘डेव्हडिपेंडन्सीज’च आहे आणि त्याला अ‍ॅरे देता येतो. नाव तेच दिसलं की लोक त्यात पॅकेजांची नावं भरतात. तिथे फायलींचे पॅटर्न द्यायचे असतात! कुठलं पॅकेज डेव्हचं आहे, हे नियम पॅकेज.जेसन उघडून स्वतःच बघतो. तुम्ही त्याला एवढंच सांगायचं, की कोणत्या फायलींना ते इम्पोर्ट करायची मुभा आहे.

परवा एका पुल रिक्वेस्टमध्ये त्या अ‍ॅरेत एकच शब्द होता, ‘व्हिटेस्ट’, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या पॅकेजचं नाव. त्या नावाची फाईल प्रोजेक्टमध्ये नव्हती. ज्या फायलीला एकही पॅटर्न जुळत नाही, तिच्यासाठी हा पर्याय ‘फॉल्स’ धरला जातो, म्हणजे तिला डेव्ह पॅकेज इम्पोर्ट करायला बंदी. त्यामुळे झाडून सगळ्या टेस्ट फायली लाल. त्यात एररचा मजकूर असा, की व्हिटेस्ट डेव्हडिपेंडन्सीजमध्ये नको, डिपेंडन्सीजमध्ये हवं. बिचाऱ्याने तसंच केलं. लिंट हिरवं झालं आणि टेस्ट रनर प्रॉडक्शनच्या इमेजमध्ये जाऊन बसला. खरं तर अ‍ॅरेत ‘**/*.टेस्ट.टीएस’ आणि ‘व्हिटेस्ट.कॉन्फिग.टीएस’ एवढं पुरेसं होतं.

पर्याय ‘ट्रू’ ठेवला काय नि लिहिलाच नाही काय, सारखंच, कारण डीफॉल्ट ‘ट्रू’ आहे. म्हणजे नियम चालू असूनही सर्व्हरच्या कोडमध्ये डेव्ह पॅकेज इम्पोर्ट केलेलं खपून जातं. लॅपटॉपवर सगळं इन्स्टॉल असतं म्हणून चालतं आणि सर्व्हरवर ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ येतं. म्हणून मी कायम अ‍ॅरेच लिहितो, तोही आखूड. त्यात ‘एसआरसी/**’ टाकलेलं मला अजिबात चालत नाही. मग नियम ठेवायचा कशाला? ओळीवर ‘ईएसलिंट-डिसेबल’ चिकटवणंही नको. टाइपस्क्रिप्टच्या ‘इम्पोर्ट टाइप’साठी तर सूट द्यायची गरजच नाही, नियम ते मुळातच सोडून देतो.

आणि जुन्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टातून टाइपस्क्रिप्टसाठी अ‍ॅरे उचलत असाल, तर शेवटचं ‘.जेएस’ बदलून ‘.टीएस’ करायला विसरू नका.